चाळीस किलोमीटरवरचा परदेश

प्राप्तिकर हा विषय काढला की मित्रमंडळी मोबाइलमध्ये डोकं घालतात. जुलैअखेर जवळ आली की सीएला फोन, फॉर्म सोळा शोधाशोध, आणि मग वर्षभर शांतता. मलाही ह्या विषयात रस असण्याचं काही कारण नव्हतं. पण मावसबहिणीच्या मुलामुळे एक प्रश्न डोक्यात घुसला आणि दोन-तीन वीकएंड त्यातच गेले. प्रश्न अगदी साधा आहे. माणसाने कर कुठे भरायचा? जिथे राहतो तिथे, जिथून पैसा येतो तिथे, की ज्या देशाचा पासपोर्ट खिशात आहे तिथे?

भाचा न्यू जर्सीत जन्मला. त्याचे वडील एच-१बी वर सहा वर्षं तिकडे होते. मग आजीआजोबा थकले, ग्रीन कार्डाची रांग काही हलेना, म्हणून सगळे सोलापूरला परत आले. तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. आता तो बावीसचा आहे, होटगी रोडच्या घरात बसून टेक्सासमधल्या एका छोट्या कंपनीसाठी कोड लिहितो. नोकरी नाही, फ्रीलान्सिंग. चटणीभाकरी सोलापूरची, मित्र सोलापूरचे, शिव्यासुद्धा अस्सल सोलापुरी. पासपोर्ट मात्र अमेरिकेचा, आणि इथे राहण्यासाठी ओसीआय कार्ड.

आता अमेरिकेचा कायदा म्हणतो की हा मुलगा जगात कुठेही राहो, कुठूनही कमावो, त्याने दर वर्षी अमेरिकेत रिटर्न भरलं पाहिजे. भारत म्हणतो, तू वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे असतोस, म्हणजे तू इथला रहिवासी, तर तुझ्या सगळ्या उत्पन्नाचा हिशेब आम्हाला दे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी कायदेशीर आहे. हे असं कसं झालं, ते शोधताना मी थेट १८६० सालात जाऊन पोचलो. आणि गंमत म्हणजे वाटेत अक्कलकोट, तुळजापूर आणि ओगलेवाडीसुद्धा लागली.

(आधीच सांगतो, मी सीए नाही. हा इतिहासाचा लेख आहे, सल्ला नव्हे.)

दोन युद्धं, दोन कर

१८६० साल सोलापूरसाठी मोठं. त्याच वर्षी जीआयपी रेल्वेची गाडी सोलापुरापर्यंत आली. आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आला.

कारण होतं १८५७. उठाव मोडण्यात सरकारचा अफाट खर्च झाला, तिजोरीत खड्डा पडला. तो भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ आले. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारे तेच हे विल्सन. ते १८५९ च्या अखेरीस आले, १८६० मध्ये अर्थसंकल्प मांडला, आणि २४ जुलैला प्राप्तिकराचा कायदा लागू झाला. (दर वर्षी २४ जुलैला 'आयकर दिन' साजरा होतो तो ह्यामुळे.) वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळवणाऱ्यांना दोन टक्के, त्यावर चार टक्के. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी ह्या कराला इतका जाहीर विरोध केला की त्यांना परत बोलावून घेतलं गेलं. आणि विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने वारले. म्हणजे कर लावला आणि तीन आठवड्यांत गेले. हा पहिला कर १८६५ मध्ये बंद झाला. पुढे तो येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला. त्या कायद्यात शेतीचं उत्पन्न वगळलं गेलं. ही सवलत आजही चालू आहे, हे ऊसवाल्या सोलापूर जिल्ह्याला मी सांगायला नको.

आता तिकडे बघा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्याचा आपल्याकडे झालेला परिणाम शाळेत शिकलोय: अमेरिकेचा कापूस थांबला, लँकशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला, आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला. दुसरा परिणाम मात्र कुणी शिकवला नव्हता. युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकेने १८६१ मध्ये आपला पहिला प्राप्तिकर लावला, आणि त्यात परदेशी राहणाऱ्या नागरिकांचा वेगळा उल्लेख केला. सुरुवातीला फक्त त्यांच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवरच्या उत्पन्नावर कर होता. १८६४ मध्ये कायदा बदलला आणि परदेशी राहणारा अमेरिकन नागरिकही आपल्या सगळ्या उत्पन्नासह जाळ्यात आला. भावना समजण्यासारखी होती. देश जळतोय, पोरं रणांगणावर मरतायत, आणि काही श्रीमंत लोक पॅरिसमध्ये मजेत बसलेत. त्यांनी निदान पैसे तरी द्यावेत!

म्हणजे दोन्ही देशांचे प्राप्तिकर युद्धाच्या बिलातून जन्मले, एका वर्षाच्या अंतराने. फरक असा की हिंदुस्थानच्या कराने विचारलं, "पैसा कुठे मिळाला?" अमेरिकेच्या कराने विचारलं, "तू कुणाचा?"

अमेरिकेचा तो कर १८७२ मध्ये संपला. पण १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर नवा कर आला, तेव्हा नागरिकत्वाची ही अट त्यात पुन्हा येऊन बसली. युद्ध संपून पन्नास वर्षं होत आली होती, राग कुणाला आठवतही नसेल, वाक्य मात्र राहिलं. आपल्या क्षेत्रात असं नेहमी होतं. कुणीतरी घाईत टाकलेला पॅच पुढे आर्किटेक्चर म्हणून ओळखला जातो :-)

ह्या अटीला आव्हान दिलं कुक नावाच्या माणसाने. तो अमेरिकन नागरिक, कायमचा राहायला मेक्सिको सिटीत, उत्पन्न मेक्सिकोतल्या मालमत्तेचं. त्याला १९२१ च्या उत्पन्नावर ११९३ डॉलर कर लावला गेला. त्याने पहिला हप्ता निषेध नोंदवून भरला आणि मेरीलँडच्या कर-वसुली अधिकाऱ्यावर, टेटवर, दावा लावला. १९२४ मध्ये 'कुक विरुद्ध टेट' ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कुकच्या विरुद्ध निकाल दिला. युक्तिवादाचा गाभा असा, की सरकार आपल्या नागरिकाला आणि त्याच्या मालमत्तेला ती जगात कुठेही असली तरी उपयोगी पडतं, त्यामुळे कर लावायचा अधिकार घराच्या पत्त्यावर अवलंबून नाही, नागरिकत्वाच्या नात्यावर आहे. भाचा ज्या दोरीला बांधला गेलाय ती दोरी हीच. शंभर वर्षं होऊन गेली, अजून तुटलेली नाही.

मोगलाई आणि संस्थान

आता सोलापुरात येऊ. तुम्ही म्हणाल, दोन देशांच्या कराचा सोलापूरशी काय संबंध? अहो, सोलापूरकरांनी हा प्रकार भाच्याच्या कितीतरी आधी पाहिलाय, आणि त्यासाठी त्यांना विमानात बसावं लागलं नाही.

१९४८ पूर्वीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सोलापूर ब्रिटिश हिंदुस्थानात. अग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट, ते भोसल्यांचं वेगळं संस्थान. ईशान्येला साधारण तेवढंच अंतर गेलं की तुळजापूर, ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या मुलखाला अजून 'मोगलाई' म्हणतात. मोगलाईत नाणं वेगळं, हाली सिक्का. आपला तो 'कलदार'. शंभर कलदार म्हणजे साधारण ११६-११७ हाली. सरहद्दीवर निजामाची जकात वेगळी, तिचं खातं 'करोडगिरी' म्हणून ओळखलं जायचं. तेलंगणातून सोलापुरात आलेले पद्मशाली विणकर कमवायचे कलदार आणि गावी चालायचे हाली. आज भाचा कमावतो डॉलर आणि सात रस्त्यावर चालतात रुपये. फार फरक नाही!

कराच्या कायद्याच्या नजरेने तर हा परदेशच होता. १९२२ चा प्राप्तिकर कायदा फक्त 'ब्रिटिश इंडिया'चा. आधी त्याचा भर पैसा कुठे मिळाला किंवा कुठे हातात आला ह्यावर होता. १९३९ च्या दुरुस्तीने चित्र पालटलं. रहिवासी कोण हे ठरवायला कलम घातलं गेलं, त्यात १८२ दिवसांची अट आली (भाच्याला आज लागू होते ती हीच, वय वर्षं ऐंशीच्या वर), आणि रहिवाशाचं परदेशी उत्पन्नही करपात्र झालं.

पण संस्थानांचं काय? त्यांना लंडन किंवा रंगूनसारखं परदेश म्हणायचं, की घरचं? चाळीसच्या दशकात कायद्याने मधला मार्ग काढला. संस्थानात झालेल्या उत्पन्नावर ब्रिटिश हिंदुस्थानात कर नाही, जोपर्यंत तो पैसा तुम्ही इकडे आणत नाही तोपर्यंत. म्हणजे समजा, सोलापुरातल्या एखाद्या व्यापाऱ्याचं एक दुकान चाटी गल्लीत आणि दुसरं अक्कलकोटात. चाटी गल्लीतल्या नफ्यावर कर. अक्कलकोटचा नफा अक्कलकोटातच ठेवला तर कर नाही. तोच नफा पिशवीत घालून सोलापूरला आणला की कर. एकाच माणसाचा, एकाच धंद्याचा पैसा, आणि मधे फक्त चाळीस किलोमीटर.

साहजिकच लोकांनी पैसा तिकडे ठेवायला सुरुवात केली, आणि साहजिकच सरकारने पैसा 'आला' कधी आणि 'मिळाला' कुठे ह्याचा कीस काढायला सुरुवात केली. ह्या किसातून निघालेला सगळ्यात सुंदर खटला मराठी माणसांचा आहे.

कंदील आणि पोस्टाची पेटी

प्रभाकर कंदील आठवतो? निदान आजीच्या घरी माळ्यावर पाहिला असेल. तो बनवणारी ओगले ग्लास वर्क्स ही कंपनी कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला होती. ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात. औंधचे पंतप्रतिनिधी उद्योगांना जागा देणारे राजे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तीही त्यांच्याच संस्थानात. औंधचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांत होता. रेल्वेने जाताना ब्रिटिश हद्दीतून संस्थानात आणि परत बाहेर कधी गेलो हे प्रवाशाला कळत नसे. प्राप्तिकर खात्याला मात्र बरोबर कळत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओगल्यांनी हिंदुस्थान सरकारला कंदील पुरवले. कंपनी औंधची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने अनिवासी. गिऱ्हाईक दिल्लीत. कंपनीने बिल पाठवताना विनंती केली, की रक्कम मुंबईच्या बँकेवरच्या चेकने पाठवावी. सरकारने चेक काढले, दिल्लीत पोस्टात टाकले, ते औंध संस्थानात कंपनीच्या हातात पडले. आता प्रश्न असा: कंपनीला पैसे 'मिळाले' कुठे?

कंपनी म्हणाली, चेक आमच्या हातात औंधमध्ये आला, म्हणजे पैसे औंधमध्ये मिळाले. तुमचा कर आम्हाला लागू नाही. प्राप्तिकर खातं म्हणालं, छे! तुम्हीच चेक पाठवा म्हणालात. म्हणजे पोस्ट खातं हे तुमचा प्रतिनिधी झालं. दिल्लीत पेटीत पाकीट पडलं, त्याच क्षणी पैसे तुमच्या हातात आले. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. खातं सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५४ मध्ये निकाल फिरला. न्यायालयाने सांगितलं, की पैसे घेणाऱ्याच्या विनंतीवरून चेक पोस्टाने पाठवला असेल, तर पोस्ट हे घेणाऱ्याचं प्रतिनिधी ठरतं. म्हणून पैसे दिल्लीत मिळाले. म्हणून कर लागू.

ह्या निकालात मला दोन गोष्टी फार आवडतात. पहिली, की लाखोंच्या कराचा निर्णय एका विनंतीच्या ओळीवर लागला. 'चेकने पाठवावे' असं लिहिलं नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. दुसरी, की निकाल लागला तोवर औंध संस्थान उरलंच नव्हतं! १९४८ मध्ये दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. औंध गेलं, अक्कलकोटही सोलापूर जिल्ह्यात आलं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय लष्कराचे रणगाडे सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाले आणि १७ तारखेला निजामाने हत्यार ठेवलं. पुढे १ एप्रिल १९५० पासून हैदराबादलाही भारताचा प्राप्तिकर कायदा लागू झाला. चाळीस किलोमीटरवरचा परदेश नकाशावरून पुसला गेला. खटला मात्र चालूच राहिला, कारण कर हा ज्या वर्षी कमावलंत त्या वर्षीच्या नकाशावर लागतो, निकालाच्या दिवशीच्या नव्हे.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, म्हणजे मी औंध आहे का?"

नाही ना! तीच तर अडचण आहे. ओगल्यांचा प्रश्न जागेचा होता, आणि जागेचे प्रश्न जागा बदलून सुटतात. सरहद्द पुसली, प्रश्न संपला. भाच्याचा प्रश्न जागेचा नाहीच. तो टेक्सासला गेला काय आणि मंगळवेढ्याला गेला काय, अमेरिकेच्या कायद्याला काही फरक पडत नाही.

दोन शून्यांची बेरीज

आता थोडं गणित, कारण खरी मेख तिथे आहे. बहुतेक लोक म्हणतात, "अरे, दोन देशांत करार आहे ना? दोनदा कर लागत नाही." भारत-अमेरिका करार आहे, खरंय. १९८९ मध्ये सह्या झाल्या, १९९० च्या डिसेंबरमध्ये अमलात आला. पण त्याच्या पहिल्याच अनुच्छेदात एक कलम आहे, ज्यात अमेरिकेने म्हटलंय की काही ठराविक अपवाद सोडले तर आपल्या नागरिकांवर आम्ही हा करार नसल्यासारखाच कर लावू. म्हणजे करार सगळ्यांसाठी, भाचा सोडून.

तरी अमेरिका अगदीच निर्दय नाही. १९२६ पासून परदेशात कमावलेल्या पगाराला किंवा कामाच्या मोबदल्याला सूट आहे. तेव्हा हेतू होता परदेशी व्यापार वाढवणाऱ्या अमेरिकनांना मदत करायचा. २०२५ सालासाठी ही सूट १,३०,००० डॉलरपर्यंत आहे, वर्षात ३३० दिवस अमेरिकेबाहेर असण्यासारख्या अटी पाळल्या तर.

समजा, भाच्याने वर्षात खर्च वजा जाता २७,९०० डॉलर मिळवले, आणि डॉलर ८६ रुपये धरला. म्हणजे २४ लाखांना जरासे कमी. भारतात आयटी व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरायचा. निम्मे म्हणजे १२ लाखांच्या आत. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट. भारतात कर शून्य.

अमेरिकेत २७,९०० डॉलर त्या सुटीत बसतात. प्राप्तिकर शून्य.

शून्य अधिक शून्य किती? तर सुमारे ३,९४२ डॉलर. म्हणजे ३ लाख ३९ हजार रुपये!

कारण ती सूट फक्त प्राप्तिकराला आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याला अमेरिकेत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी वेगळा कर असतो, १५.३ टक्के, निव्वळ उत्पन्नाच्या ९२.३५ टक्क्यांवर. तो ह्या सुटीने जात नाही. वर्षाला ४०० डॉलरच्या वर निव्वळ कमाई झाली की लागू. कित्येक देशांशी अमेरिकेचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, त्यामुळे तिथला फ्रीलान्सर एकाच देशात भरतो. भारताशी असा करार नाही. वर्षानुवर्षं बोलणी होतात, पण झालेला नाही. हाच मुलगा जर्मनीत बसून हेच काम करत असता, तर हे पैसे अमेरिकेला द्यावे लागले नसते.

आणि आता भाच्याच्या वडिलांकडे बघा. ते सहा वर्षं अमेरिकेत पगारदार होते. दर महिन्याला पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जायची. तिथे पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षं. त्यांचे झाले २४. पैसे गेले, पेन्शन नाही. करार असता तर भारतातली वर्षं त्यात धरता आली असती. म्हणजे बाप तिथे राहून भरून आला आणि त्याला काही मिळालं नाही, आणि मुलगा इथे राहून भरणार. एकाच घरातल्या दोन पिढ्या, एकाच न झालेल्या करारामुळे, दोन्ही बाजूंनी. आपल्या ओळखीत अशी किती घरं असतील, मोजून बघा.

(न्यायाची बाजूही सांगायला हवी. मुलाने दहा वर्षं भरलं तर त्याची क्रेडिट पुरी होतील, आणि म्हातारपणी सोलापुरात डॉलरमध्ये पेन्शन येईल. अगदी पाण्यात गेले असं नाही.)

इतर बारकावेही तसेच. आजोबांची पंढरपूरकडची शेती उद्या त्याच्या नावावर आली, तर तिच्या उत्पन्नाला भारतात १८८६ पासूनची सूट, पण अमेरिकेला ते इतर उत्पन्नासारखंच. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. आणि आपण सगळे डोळे मिटून जी एसआयपी करतो, ती अमेरिकन नागरिकाने केली तर १९८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी फंडांचे फार कडक नियम लागतात आणि दर फंडाचा वेगळा फॉर्म. भारतातल्या खात्यांत वर्षात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की खात्यांची यादी वेगळी कळवायची, तिला 'एफबार' म्हणतात. ती अट १९७० च्या बँक सीक्रसी कायद्यातली आहे, काळ्या पैशासाठी केलेली. लागते मात्र आजीने भाच्याच्या नावाने ठेवलेल्या एफडीलाही.

पूर्वी हे कुणाला कळतही नसे. २०१० मध्ये अमेरिकेने 'फॅटका' कायदा केला, २०१५ मध्ये भारताने त्यासाठी करार केला, आणि तेव्हापासून बँका खातं उघडताना विचारतात, "तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का?" १९४० च्या दशकात अक्कलकोटची पिशवी सोलापुरात कधी आली हे शोधायला अधिकाऱ्याला जमाखर्चाच्या वह्या चाळाव्या लागत. आता पिशवी स्वतःच कळवते.

घाबरायचं की नाही?

भाच्याने आजवर एकही रिटर्न भरलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं, आणि घरात कुणालाच नव्हतं. अशांसाठी तिथे एक रस्ता आहे: मुद्दाम केलं नसेल, तर मागची तीन वर्षांची रिटर्न आणि सहा वर्षांचे एफबार भरून टाकायचे. परदेशात राहणाऱ्यांना त्यात दंड नाही, थकलेला कर आणि व्याज तेवढं. तो आता तेच करतोय.

न करण्याची किंमत काय असू शकते, हे २०२३ च्या एका निकालात दिसतं. बिटनर नावाचा एक रुमानियन-अमेरिकन आपल्या मूळ देशात परत गेला. तिथे त्याने धंदा केला आणि पाच वर्षांचे एफबार वेळेत भरले नाहीत. सरकारने प्रत्येक खात्यामागे दंड लावला, २७२ वेळा दहा हजार, म्हणजे २७ लाख २० हजार डॉलर. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की दंड खात्यामागे नाही, न भरलेल्या अहवालामागे. पाच अहवाल, पन्नास हजार डॉलर. एका मताने माणूस वाचला.

मग न्याय्य काय? नागरिकत्वावर कर लावणारा अमेरिकेखेरीज देश म्हणून बहुतेक वेळा फक्त इरिट्रियाचं नाव येतं, तो परदेशस्थ नागरिकांकडून दोन टक्के घेतो. पण आपणही अगदी लांब नाही. २०२० मध्ये भारताने नियम केला, की ज्या भारतीय नागरिकाचं भारताशी निगडित उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो जगात कुठेच कर भरायला बांधील नाही, त्याला रहिवासी मानायचं. दुबईवाले सोलापूरकर तेव्हा दचकले होते. म्हणजे "पैसा कुठे मिळाला" विचारणाऱ्या देशानेही हळूच "तू कुणाचा" विचारून पाहिलंय.

मला वाटतं, माणूस ज्या रस्त्यावरून चालतो, ज्या नळाचं पाणी पितो (सोलापुरात ते किती दिवसांआड येतं हा वेगळा विषय), तिथला कर आधी. ह्यात अमेरिकेवर राग नाही. पासपोर्ट ही भाच्यासाठी मोठी दारं उघडणारी चीज आहे आणि त्याची काही किंमत असणं मी समजू शकतो. पण ती किंमत चार वर्षांच्या पोराला कुणी विचारून लावली नव्हती.

ते नागरिकत्व सोडायचं का, हे तो ठरवेल. आई म्हणते सोडू नकोस, वडील म्हणतात हिशेब करून बघ. सोडण्याआधीही मागच्या पाच वर्षांचा कर नीट भरलेला दाखवावा लागतो, त्यामुळे घाई कुणालाच नाही. सध्या त्याने एसआयपी बंद केलीय, एका वहीत सगळी खाती लिहून काढलीयत, आणि १५ जूनची तारीख कॅलेंडरवर लाल केलीय (परदेशात राहणाऱ्यांना रिटर्नला १५ एप्रिलऐवजी तेवढी मुदत मिळते, व्याज मात्र एप्रिलपासूनच).

तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसात असं 'तिकडे जन्मलेलं' कुणी अठरा-वीस वर्षांचं असेल आणि नुकतंच कमवायला लागलं असेल, तर एवढंच करा. त्याच्या पहिल्या इन्व्हॉइसच्या आधी त्याच्याशी ह्या विषयावर बोला.